शाळेच्या कपाटातली अठरा पिस्तुलं

बिटर फोर्क, टेक्सास
शुक्रवार, १४ सप्टेंबर १८८८

कॉर्नेलियस,

शनिवार, ९ जून, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. वेळ शाळेच्या घड्याळाची आहे. मी निवृत्त झाले तरी त्या घड्याळाला दर सोमवारी किल्ली मीच देते, कारण नव्या मास्तरणीला तेवढंही जमत नाही. तेव्हा "नेमके किती वाजले होते ते आठवत नाही" असं उत्तर पाठवू नकोस. त्या मिनिटाला एसा स्टॉलकप शाळेच्या विहिरीवर वाकून पाणी पीत होता आणि त्याच्या पाठीत गोळी शिरली. एकोणीस वर्षांचा होता.

त्यानंतर नवव्या दिवशी तू बायकोला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेलास. माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवलीस, "इथली हवा मानवत नाही." चव्वेचाळीस वर्षं मानवलेली हवा नऊ दिवसांत बिघडली. कमाल आहे.

आता इथली बातमी. परवा, बुधवारी, एसाच्या खुनाबद्दल युसेबियो आर्मिहोला फाशीची शिक्षा झाली. २६ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी दहा वाजता. तुरुंगामागे सुतार लाकूड मोजून गेला.

तुला सगळं ठाऊक आहे. पण तुझी स्मरणशक्ती तुझ्या सोयीनं चालते, म्हणून पुन्हा लिहिते. गॅडी आणि स्टॉलकप यांच्या वैराला तू कचेरीतल्या कागदांत 'युद्ध' लिहायचास. कसलं युद्ध? एका वासराच्या कानावर कोणाची खूण कापलेली होती यावरून सुरू झालेली मारामारी. तिच्यात सात माणसं मेली. वासरू पहिल्याच उन्हाळ्यात जखमेत अळ्या पडून मेलं होतं, तरी त्याच्या कानाचा वाद दोन वर्षं जिवंत राहिला. सातांपैकी पाच जणांना मी अक्षरओळख करून दिली होती. वजाबाकी एकालाही धड आली नाही, नाहीतर तिसऱ्या मढ्यानंतर तरी कोणी थांबलं असतं.

मग या शूरांना तह करायची बुद्धी झाली. जागा शाळेची, जेवण दोन्हीकडच्या बायकांचं, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे शस्त्रं दारातच एका तिऱ्हाइताच्या ताब्यात. तिऱ्हाईत म्हणजे मी, कारण दोन्हीकडच्या मूर्खांना मी सारखीच छडी मारली होती. नऊ गॅडी, नऊ स्टॉलकप. अठरा पिस्तुलं मी मोजून घेतली, पोरांच्या कोटांना लावायच्या तशा प्रत्येकाला नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या, शाळेच्या मोठ्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

युसेबियो मांस भाजायला पहाटेच बैल जुंपून आला होता. त्याचं पिस्तूल गाडीच्या बैठकीखाली होतं. ते कोणी मागितलं नाही, कारण तो कोणाच्याच बाजूचा नव्हता. या थोर पुरुषांच्या लेखी तो माणूसच नव्हता. गोळी सुटल्यावर मात्र एका क्षणात त्यांना त्याची आठवण झाली.

कपाट बंद, चावी किन्सेलाबाईंच्या, म्हणजे माझ्या, कमरेला, मग बाहेर पिस्तूल कोणाचं? युसेबियोचं. सरकारी वकिलाला याहून जास्त डोकं चालवावं लागलं नाही. युसेबियोच्या पिस्तुलात पाचच गोळ्या निघाल्या, तर सहावी एसाला लागली म्हणे. घोड्यावर बसणारा प्रत्येक माणूस सहाच्या पिस्तुलात पाचच गोळ्या भरतो, चापाखालचं घर रिकामं ठेवतो, दणक्यानं गोळी सुटून स्वतःचीच मांडी फुटू नये म्हणून. पंचांतल्या बाराही जणांच्या कमरेची पिस्तुलं तशीच भरलेली असतात. त्या रिकाम्या घरात उडालेल्या गोळीचं टरफलही नव्हतं. तरी बारा माथी एकदम हलली. सहा गॅडींची माणसं, सहा स्टॉलकपांची. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं, तेही दुसऱ्याच्या मानेवर.

चावीबद्दल मी चौकशीत शपथेवर काय सांगितलं, ते तू पहिल्या बाकावर बसून ऐकलं आहेस. मी ते का सांगितलं, तेही तुला ठाऊक आहे.

तुला काय लिहून पाठवायचं आहे ते मी सांगत नाही. तू सुशिक्षित आहेस. तुला मीच शिकवलंय.

होनोरा

•

मंगळवार, २ ऑक्टोबर १८८८

कॉर्नेलियस,

टपालाची गाडी आज दुपारी आली. तुझं पत्र नाही. तुझ्या बायकोचं आहे, गुलाबाच्या वासाचं. लव्हिनिया लिहिते, "होनोराताई, यांची छाती नाजूक झाली आहे. डॉक्टरांनी काळजी करायची नाही असं बजावलं आहे. तुमचं पत्र मी यांना अजून दाखवलेलं नाही. व्हर्जिलदादाला नुकताच मुलगा झाला, तुम्हाला कळलंच असेल. झालं गेलं उकरून आता कोणाचं भलं होणार?"

तिला सांग, युसेबियोचं भलं होईल. त्याचीही मान नाजूक आहे.

आणि "दाखवलेलं नाही" हे तू तिच्या पाठीमागे उभं राहून सांगून लिहवून घेतलंयस. 'नाजूक' हा शब्द तुझा. सातव्या वर्षी गणिताचा तास चुकवायचा असला की तुझं पोट नाजूक व्हायचं.

तर मग स्पष्टच लिहिते, म्हणजे लव्हिनियालाही समजेल. ९ जूनला चार वाजता मी जेवणासाठी पाई कापत होते. पीच भरून भाजलेली पाई, बत्तीस तुकडे, पीठ लागलेले हात. तू धावत आलास.

"ताई, चावी दे गं. तहाच्या कागदावर सह्या करायच्यात आणि शाई कपाटात."

"माझे हात बघतोस ना? थांब जरा."

"म्हातारे वैतागलेत. एक बाहेर जातो म्हणतोय, दुसरा उठतोय. अशानं मोडेल सगळं. तूच काढून घे म्हणतेस की काय? मी घेतो."

आणि तू माझ्या कमरपट्ट्यातून चावी काढून घेतलीस. मी म्हटलं, "शाईच काढ, दुसऱ्या कशाला हात लावू नकोस." तू हसलास. "मी काय पिस्तूल घेऊन नाचणार आहे?" चार वाजून वीस मिनिटांनी गोळी सुटली. सगळे विहिरीकडे पळून गेल्यावर तू माझ्या शेजारी येऊन उभा होतास. एका हातात शाईची दौत, दुसऱ्यानं चावी माझ्या कमरपट्ट्यात परत खोचत होतास. झाकण घट्ट बसलेलं होतं. इतक्या वेळात तू शाईचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतंस.

शेरिफ पर्डी धावत आला. "बाई, कपाट?"

"बंद आहे."

"चावी?"

"माझ्या कमरेला."

दोन्ही उत्तरं त्या क्षणी खरी होती. मी अशी उत्तरं द्यायला कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टर विचारत त्यापेक्षा एक अक्षर जास्त न सांगणं ही आमची कलाच होती. पर्डीनं कपाट उघडूनही पाहिलं नाही. किन्सेलाबाई म्हणाल्या ना, मग झालं.

दुसऱ्या दिवशी चौकशीत मला विचारलं, चावी दिवसभर तुमच्याकडेच होती? तू पहिल्या बाकावर. हात गुडघ्यांमध्ये दाबलेले, आई गेली त्या दिवशी बसला होतास तसे. मी बायबलवर हात ठेवला आणि म्हटलं, "क्षणभरही दुसऱ्याच्या हातात गेली नाही." युसेबियोला तोवर पकडलं आहे, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, त्याच्याविरुद्ध पुरावा काय, आठवड्यात सोडतील. इतकी मूर्ख मी आयुष्यात एकदाच झाले, आणि तेही तुझ्यासाठी.

जोब स्टॉलकपशी मी बोलून आले. एसाचा बाप. वाटलं, निदान त्याला तरी खरा खुनी हवा असेल. तो ओसरीवर खोगिराला तेल लावत बसला होता.

मी विचारलं, "जोब, युसेबियोनं मारलं असं तुला मनापासून वाटतं?"

म्हणाला, "बाई, मला काय वाटतं ते विचारू नका."

"मग कोणाला विचारू? पोरगा तुझा होता."

"होता. गेला. आता गॅडींनी मारला म्हटलं तर उरलेल्या दोघा पोरांना सूड घ्यायला घोड्यावर बसवावं लागेल. नाही बसवलं तर लोक तोंडावर थुंकतील, बसवलं तर तेही जातील. मेक्सिकन टांगला तर मला कोणालाच कुठं पाठवावं लागत नाही."

"त्याला बायको आहे. ट्रिनिडाड. तुझ्या धाकट्याच्या जन्माच्या वेळी तीच आली होती."

जोबनं फडकं पुन्हा तेलात बुडवलं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही तुमची शाळा सांभाळलीत. मला माझं घर सांभाळू द्या."

"तू घर सांभाळत नाहीयेस," मी म्हटलं, "तू दुसऱ्याच्या घराला आग लावून आपले हात शेकतोयस. आणि खोगीर पुसतोस ते उलट्या बाजूनं."

त्यानं खोगीर उलटवलं. इतक्या वर्षांनी अजून ऐकतो. नको तिथंच ऐकतो.

या पत्राचं उत्तर तूच लिही. लव्हिनियाचं अक्षर मला आवडत नाही.

होनोरा

•

रविवार, ७ ऑक्टोबर १८८८

कॉर्नेलियस,

आज मी तुरुंगात जाऊन आले. निकालानंतर पहिल्यांदाच गेले. दर रविवारी निघायचं ठरवायची आणि टोपीची पिन सापडत नसे. पिन टोपीलाच असायची.

पर्डीनं मला खुर्ची दिली आणि वर म्हणाला, "बाई, फार दया दाखवू नका. हे लोक लगेच रडायला लागतात."

मी त्याला म्हटलं, "पर्डी, 'मेरी' लिहिताना एम उलटा काढत होतास म्हणून तू रडला होतास, अख्ख्या वर्गासमोर. जा, बाहेर उभा राहा." गेला.

युसेबियो रडला नाही. गजांजवळ येऊन उभा राहिला. पहिला प्रश्न काय, तर माझ्या छपराचा. मार्चमध्ये त्यानं तीन फळ्या बदलल्या होत्या.

"गळतंय का अजून?"

"नाही."

"नैऋत्येच्या कोपऱ्यात एक खिळा मी घाईत मारला. तो बघून घ्या." मग हसला. "बाई, एवढी मोठमोठी माणसं माझ्याबद्दल एका सुरात बोलली. माझ्या लग्नातसुद्धा असं झालं नव्हतं."

मी टोपीची पिन काढून पुन्हा खोचली.

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "एक विचारू? तुम्ही सांगितलंत कपाट बंद होतं, चावी तुमच्याकडं होती. तुम्ही सांगितलंत म्हणजे तसंच असणार. मी इथं बसून तेच पुन्हा पुन्हा मांडून बघतो. सगळी पिस्तुलं कपाटात. बाहेर एक माझं. मग गोळी कुठून आली? मी निखाऱ्यांच्या खड्ड्यावर बकऱ्याची तंगडी उलटत होतो, गाडीकडं गेलोही नाही, हे मला ठाऊक आहे. पण आता कधीकधी वाटतं, गेलो असेन. पिस्तूल सरकवताना सुटलं असेल आणि धुरात माझ्या ध्यानात आलं नसेल. ट्रिनिडाड म्हणते, वेडा झालास. पण बाई, नाहीतर हिशेब जमत नाही ना. तुम्ही कधी खोटं बोलत नाही."

ऐकलंस? त्याला खुनी ठरवायला बारा पंच आणि एक वकील पुरे पडले नाहीत. ते काम मी केलं. तो स्वतःच्या निर्दोषपणापेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवतो.

या गावात मी गॅडींना तुच्छ मानलं, स्टॉलकपांना मानलं, पर्डीला, पंचांना, त्या वासराच्या कानाला. तुला तर गेल्या चार महिन्यांत रोज सकाळी कॉफीबरोबर. एक नाव यादीत घालायचं राहून गेलं होतं, माझं. खोटी शपथ कबूल केल्याशिवाय घेता येत नाही, म्हणून जूनपासून मी ख्रिस्तप्रसाद घेतलेला नाही. फादर महिन्यातून एकदा येतात, मी मागच्या बाकावरून उठून निघून जाते. त्यांना वाटतं, संधिवात.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी तुझ्यापासूनही लपवली. त्या संध्याकाळी मी पिस्तुलं परत दिली. एकेकाचं नाव घेऊन, चिठ्ठी सोडवून. सतरांना चिठ्ठ्या होत्या. अठरावं तुझ्या मेहुण्याचं, व्हर्जिल गॅडीचं. त्याची चिठ्ठी गळून कपाटाच्या तळाशी पडली होती, आणि नळीला नुकत्याच जळलेल्या बंदुकीच्या दारूचा वास येत होता. व्हर्जिलनं हात पुढं केला. मी ते त्याच्या हातात दिलं. चिठ्ठी चुलीत टाकली. त्या वेळी तू अंगणात लव्हिनियाला गाडीत चढवत होतास आणि माझ्याकडे बघत नव्हतास.

वास कोर्टात दाखवता येत नाही. चिठ्ठी जळून गेली. व्हर्जिल तुझ्या मागोमाग आत आला, की त्यानं तुला शाईच्या निमित्तानं पाठवलं, की तू स्वतः ते काढून खिडकीतून त्याला दिलंस आणि गोळीनंतर परत घेऊन ठेवलंस, हे मी पाहिलं नाही. मी पाई कापत होते. हे फक्त तुला ठाऊक आहे.

चार महिने मी स्वतःला सांगत आले की कॉर्नीचं पत्र आलं की मी जाईन न्यायाधीशांकडे, दोघांचे जबाब एकदम देता येतील. किती सोयीचा विचार. तू माझ्यामागे लपलास, मी तुझ्या पत्रामागे.

हे पत्र आज पाठवता येत नाही. मंगळवारच्या गाडीनं जाईल.

•

मंगळवार, ९ ऑक्टोबर १८८८, सकाळचे नऊ

कॉर्नेलियस,

दोन्ही कागद एकाच पाकिटात घालते आहे. गाडी बारा वाजता सुटते.

काल मी न्यायाधीश पेटिग्रूंकडे गेले. ते अजून हॉटेलातच उतरले आहेत. ओहायोचा माणूस, पेपरमिंट चघळतो आणि आपल्याला सगळे जण फसवतात असं मानतो. इथं ते बरोबरच आहे. मी सगळं सांगितलं. चावी, शाई, चिठ्ठी, वास. त्यांनी कारकुनाला बोलावलं आणि मी बोलत गेले तसं लिहवून घेतलं. मी खाली सही केली.

त्यांनी विचारलं, "मिस किन्सेला, तुम्ही शपथेवर खोटं बोललात असं तुम्ही आता लिहून देताय. याला तुरुंग आहे, हे कळतंय ना?"

मी म्हटलं, "माझ्या वयाला तुरुंगाची हवा मानवेल की नाही ते बघू. माझ्या भावाला कुठलीच मानवत नाही."

"तुम्ही आधी का आला नाहीत?"

"भित्री होते म्हणून. कारकुनाला तेही लिहू द्या."

त्यांनी पेपरमिंट बाजूला काढून ठेवलं. म्हणाले, "बाई, तुमच्या सांगण्यावरून एवढंच ठरतं की कपाट दहा-पंधरा मिनिटं उघडं असू शकेल. वकील म्हणेल, छप्पर दुरुस्त करणाऱ्या माणसाची म्हातारीला कणव आली. राज्यपालांना शिक्षा थांबवायला सांगायचं तर मला कपाटापाशी असलेल्या माणसाचा जबाब हवा. कोणी, कोणतं पिस्तूल, कोणाच्या हातात."

ते थांबायला तयार आहेत, पण कायमचे नाही. बुधवारी, २४ तारखेला सकाळी त्यांचा घोडेस्वार रेल्वेच्या ठाण्याकडे जाईल आणि ऑस्टिनला राज्यपालांकडे तार करील. ती तार शिक्षा थांबवा म्हणून असेल, नाहीतर "सांगण्यासारखं काही नाही" अशी असेल. पत्र जायला आठवडा, उत्तर यायला आठवडा. मी दिवस मोजले आहेत. तुला एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ मिळणार नाही. तू नेहमी म्हणायचास, तुझं काम शेवटच्या क्षणी चांगलं होतं.

येताना मी पुन्हा जोबकडे थांबले. सांगितलं, मी काय लिहून दिलंय ते. त्यानं विचारलं, "नाव घेतलंत?"

"ज्याच्या पिस्तुलाला वास आला, त्याचं घेतलं. बाकीचं कॉर्नेलियस सांगेल."

"सांगेल?"

"सांगेल किंवा सांगणार नाही. पण जोब, सांगितलं तर तुझी दोन्ही पोरं कोर्टात बाकावर बसतील, घोड्यावर नाही. मला तुझा शब्द हवा."

तो म्हणाला, "माझ्या शब्दाला काय किंमत, बाई? मी पंचांच्या निकालाला टोपी काढून उभा राहिलो."

"माझ्या शब्दालाही आता काही उरली नाही," मी म्हटलं. "तरी दे."

त्यानं दिला. किती टिकेल मला माहीत नाही. व्हर्जिलच्या बायकोच्या मांडीवर सहा आठवड्यांचं पोर आहे, हे मला लव्हिनियानं सांगायची गरज नाही. मी ते बघून आलेय. ते रडतं तेव्हा त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. ट्रिनिडाडचं घर त्याच रस्त्याला आहे.

आता तुझ्यापुढे काय उरलंय ते नीट वाच. तुझं नाव कागदावर गेलंय. चावी तुझ्या हातात होती, हे न्यायाधीशांकडे माझ्या सहीनं आहे. ते मी मागे घेणार नाही, मेले तरी. म्हणजे गप्प राहून तू सुटशील हा मार्ग मी बंद केला. व्हर्जिलचा मित्र राहायचं की साक्षीदार व्हायचं एवढंच तुझ्या हाती आहे. छाती नाजूक असेल तर पडून लिही.

तार पाठवू नकोस. तारेवर सही नसते, आणि न्यायाधीशांना तुझ्या हातचं अक्षर हवंय, तिथल्या नोटरीसमोर शपथ घेऊन, शिक्क्यासह. मला क्षमा मागू नकोस, हवापाण्याचं लिहू नकोस, आईची आठवण काढू नकोस. ९ जूनला चार ते चार वीस या वेळात कपाटापाशी काय झालं, कोण आलं, कोणाच्या हातात काय गेलं. एका पानात मावतं.

ते पान मंगळवार, २३ ऑक्टोबरला दुपारी बाराच्या गाडीनं बिटर फोर्कला पोचलं पाहिजे. मी गाडीच्या थांब्यावर उभी असेन. बारा वाजून एका मिनिटाला आलेलं तुझं कोणतंही पत्र मी उघडणार नाही. लेखी उत्तर दे.

होनोरा किन्सेला